मुन्ना, सहाशे रुपये आणि कचऱ्याची गाडी

मुन्ना म्हणजे माझा बौद्धिक दिव्यांग मोठा भाऊ, त्याची पेन्शन तीन महिने आलीच नव्हती हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं. सहाशे रुपये ते काय, कुणाच्या लक्षात राहणार, त्यात पासबुक आईच्या ट्रंकेत आणि आई जमेल तेव्हा बँकेत जाऊन एंट्री मारून आणते, यंदा तिचा गुडघा इतका धरला की जायचंच राहिलं. मग मी गेले, मशीनमधून पासबुक जसं घातलं तसं कोरं बाहेर आलं. बँकेतली मुलगी म्हणाली, ताई इथे काही अडलेलं नाही, पैसे वरूनच येत नाहीयेत, महापालिकेच्या झोनवर विचारा. झोनवर विचारलं तर एका शब्दात उत्तर, केवायसी.

मध्य प्रदेशाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडे आधारच्या जोडीला आणखी एक नंबर असतो, समग्र. घराचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. शाळा, रेशन, पेन्शन सगळं त्यावर चालतं आणि आता ते समग्र आधारशी अंगठा किंवा डोळा लावून जोडायचं असतं, नाही जोडलं तर कॉम्प्युटरच्या लेखी तो माणूस नाहीच. आता मुन्ना तर चांगला डोळ्यांसमोर आहे. ४९ वर्षांचा, पाच फूट आठ इंच, माझा सख्खा मोठा भाऊ. मोठ्या भावाला नावाने हाक मारते म्हणून सासरी सुरुवातीला लोक माझ्याकडे बघायचे, पण त्याला दादा म्हटलं की तो मागे वळून बघतो, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून.

तर त्याला घेऊन गेले. त्याचा हात कुणी धरला की तो मूठ आवळतो, लहानपणापासूनचं आहे ते, इंजेक्शनची आठवण असावी. काउंटरवरचा पोरगा, बावीस-तेवीसचा असेल, दोनदा म्हणाला "अंकल उंगली सीधी करो" आणि मागची रांग सुस्कारे टाकायला लागली. मग डोळ्यांचं मशीन काढलं, तर मुन्ना डोळे गच्च मिटून बसला. शेवटी मी त्या पोराला हळूच सांगितलं, त्याला म्हण कचऱ्याची गाडी आली. बिचारा गोंधळला, पण म्हणाला, "अंकल देखो, इसमें कचरा गाड़ी आ रही है." मुन्नाने असे डोळे फाडले की दोन्ही बुबुळं एका झटक्यात स्कॅन. रांग हसली, मुन्नाही हसला, मग मशीनमध्ये गाडी काही दिसेना म्हणून चिडला आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून मला पाठीत ढोसत राहिला.

कचऱ्याची गाडी म्हणजे मुन्नाचा जीव की प्राण. आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्यात लोकमान्य नगरातल्या आईच्या गल्लीचा जो काय वाटा असेल तो माझ्या मते बराचसा मुन्नाचा आहे. गाडीचं गाणं दोन गल्ल्या पलीकडे वाजायला लागलं की हा फाटकात उभा, ओला एका हातात, सुका दुसऱ्या, प्लास्टिक वेगळं. गाडीला सहा कप्पे असतात, कुठलं कुठे जातं ते त्याला पाठ आहे, वाचता येत नाही तरी. शेजारच्या काकूंनी एकदा डायपर सुक्यात टाकला तर त्याने तो त्यांना परत नेऊन दिला, हसत हसत, सगळ्यांसमोर. गाडीवरचे लोक त्याला सुपरवायझर म्हणतात.

आता गंमत बघा. बौद्धिक दिव्यांगतेचं सर्टिफिकेट काढायला गेलं की जी चाचणी घेतात, व्हाइनलँडची, तिची आपल्याकडची आवृत्ती नागपूरला मालिन नावाच्या गृहस्थांनी बसवलेली, ८९ प्रश्न आहेत तिच्यात. स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, एकटा रस्ता ओलांडतो का, पैशाचा व्यवहार कळतो का असले. उत्तरं द्यायची घरच्यांनी, आणि तो शेजारी बसून ऐकत असतो, हे मला फार लागलं होतं तेव्हा. आईने प्रत्येक प्रश्नाला आधी "हो" म्हटलं आणि मग माझ्याकडे बघून "तसं नाही म्हणा". मुलाची बाजू राखायची की टक्के मिळवायचे, कुठलीही आई यात अडकणार. कचरा वेगळा करतो का असा प्रश्न त्यात नव्हता.

निकाल आला ७५ टक्के. आम्हाला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी बारीक हिशोब करून काढला असेल, पण नंतर कळलं की या प्रकारात ठरलेल्या पायऱ्याच आहेत, सौम्य म्हणजे ५०, मध्यम म्हणजे ७५, तीव्र म्हणजे ९०, अतितीव्र म्हणजे १००. मधलं काही नाही. आणि आता दुसरीकडे बघा, केंद्राची जी इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन आहे तिची अट ८० टक्के, वर दारिद्र्यरेषेखालचं कार्ड. इन्कम टॅक्समधली दिव्यांगाला सांभाळणाऱ्या घरच्यांची सूट, ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० च्या वर गेलात तर सव्वा लाख. म्हणजे मध्यम बौद्धिक दिव्यांग माणूस ८० च्या दारापाशी जाऊन पाच टक्क्यांनी परत येणार, कायमचा, कारण ८० ची पायरीच नाहीये, एकदम ९० ची आहे. हा नियम ज्याने केला त्याने हात-पाय डोळ्यासमोर ठेवले असतील, जिथे टक्के मोजता येतात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, त्या कार्डावरही रंग आहेत, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, वर निळा. मुन्नाला निळा रंग आवडतो. कार्ड घरी आलं तेव्हा त्याने ते मला परत दिलं, बदलून आण म्हणून.

पैशांबद्दल एकदा बोलून घेते, नंतर मला दुसरंच बोलायचंय. केंद्राच्या त्या पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा महिना ३०० रुपये, २०१२ मध्ये २०० चे ३०० झाले ते तिथेच आहेत. मुन्नाला मिळते ती आमच्या राज्याची, महिना ६००. आंध्रात जुलै २०२४ पासून ६००० देतात, अंथरुणाला खिळलेल्याला १५ हजार. महाराष्ट्रात संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून २५०० केलेत, पुण्याची वहिनी फोनवर म्हणाली तुम्ही इकडे या राहायला, जणू काही आम्ही भाजी आणायला निघालोय. इथेच बायकांना महिन्याला पैसे देणारी लाडली बहना योजना २०२३ च्या जूनमध्ये हजारावर सुरू झाली आणि चार महिन्यांत साडेबाराशे झाली. ती मला मिळत नाही, मिळणाऱ्यांचा मला अजिबात हेवा नाही, माझ्याकडे भांडी घासणाऱ्या बाईचा गॅस त्यावर येतो. पण पैसे वाढवायला किती दिवस लागतात ते कळलं ना. सव्वा कोटी बायका मत देतात, मुन्ना मत देतो की नाही हेच कुणाला माहीत नसतं (देतो, आई घेऊन जाते, शाई लावलेलं बोट आठवडाभर सगळ्यांना दाखवतो, त्या दिवशी बोट सरळ करतो बरोब्बर).

आणि यात कायदा काय म्हणतो ते वाचून मी खरंच उठून बसले. २०१६ चा दिव्यांग अधिकार कायदा, तोच ज्याने दिव्यांगतेच्या ७ प्रकारांचे २१ केले. त्याचं कलम २४. त्यात लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगाला इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त मिळायला हवं. आमच्याकडे वृद्धांना ६००, दिव्यांगाला ६००. ६०० वर २५ टक्के म्हणजे साडेसातशे होतात, एवढं गणित मलाही येतं. आणि त्याच कलमात खाली लिहिलंय, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी केअरगिव्हर भत्ता. सांभाळणाऱ्यासाठी पैसे! कायद्यात! २०१७ च्या एप्रिलपासून लागू आहे हे सगळं. पण कलमाच्या सुरुवातीलाच एक तुकडा आहे, "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत", आणि माझ्या मते त्या एका तुकड्यात सगळं कलम बुडालंय. केरळने मात्र याच्या कितीतरी आधी आश्वासकिरणम् नावाने सांभाळणाऱ्या माणसाला महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली. रक्कम म्हणाल तर चहा-बिस्किटांची, पण कागदावर त्या बाईचं नाव तरी आलं. आमच्या आईचं नाव कुठल्याच कागदावर "सांभाळणारी" म्हणून नाहीये, ४९ वर्षं झाली.

आता मूळ मुद्दा. आईचा गुडघा बदलायचाय. आई ७७ ची. आयुष्मानमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही, कार्ड काढलं, डॉक्टर म्हणाले होऊन जाईल. म्हणजे गुडघ्याचे लाख-दोन लाख सरकार देईल. उत्तम. पण आई दवाखान्यात आणि नंतर दीड महिना पलंगावर, तेवढे दिवस मुन्नाकडे कोण बघणार? मी सगळीकडे विचारलं, खरंच सगळीकडे, यासाठी कुठलंही खातं नाही, फॉर्म नाही, कुणी "हे आमच्याकडे येत नाही" एवढंसुद्धा म्हणालं नाही, कारण प्रश्नच कुणाला कळला नाही. "ताई घर में कोई लेडीज़ नहीं है क्या?" एका साहेबांनी विचारलं. आहे ना, तीच पडणार आहे पलंगावर.

राष्ट्रीय न्यास म्हणून एक आहे, १९९९ च्या कायद्याने झालेलं, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्यांची निरामय पॉलिसी मी मुन्नासाठी काढलीये, एक लाखाची, आधी मेडिकल टेस्ट नाही, ओपीडीसुद्धा चालते, दातांचं काम केलं तेव्हा थोडे पैसे परत आले, ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी काढाच. त्याच न्यासाची समर्थ नावाची योजना होती, काही दिवसांसाठी मूल ठेवून घ्यायची, म्हणजे घरच्यांना श्वास घेता यावा. घरौंदा वेगळी, कायमच्या राहण्याची. मग दोन्ही एकत्र करून समर्थ-सह-घरौंदा झालं. आता ज्याला कायमचं ठेवायचंय आणि ज्याला तीन आठवडे ठेवायचंय ते एकाच रांगेत, आणि जागा मोजक्या. कायमचं ठेवलेला माणूस जागा कशाला सोडेल?

आमच्या भागात चार-पाच मराठी बायकांनी मिळून एका हॉलमध्ये दुपारचं केंद्र चालवलंय, नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. ११ ते ३. नऊ जण येतात, सगळ्यात लहान सहा वर्षांची, सगळ्यात मोठा आमचा मुन्ना. वाती वळतात, पाकिटं चिकटवतात, दिवाळीला पणत्या रंगवतात, मुन्ना काहीच करत नाही, तो सगळ्यांच्या डब्यांची झाकणं धुतो. भाडं माफ आहे, बाकी खर्च हळदीकुंकवाच्या दिवशी फिरवलेल्या डब्यातून, गणपतीतल्या मोदकांच्या स्टॉलमधून, आणि एका रिटायर्ड काकांच्या खिशातून, ते म्हणतात माझी पेन्शन मला पुरते, पुरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी सरकारी अनुदानासाठी प्रयत्न केला. दीनदयाल दिव्यांग पुनर्वास योजना, संस्थांना त्यातून पैसे मिळतात, ठरलेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत. पण त्याला विशेष शिक्षक हवा आणि तो पुनर्वास परिषदेत नोंदणी झालेला हवा, ते बरोबरच आहे, १९९२ चा कायदा आहे त्याला, उद्या कुणीही उठून थेरपिस्ट व्हायला नको. मग त्या शिक्षकाचा पगार, हजेरी, ऑडिट, फोटो, संस्थांच्या नोंदणीचं दर्पण पोर्टल. आधी स्वतःच्या खिशातून वर्षभर चालवा, मग हप्ता येईल. एक शिक्षिका मिळाली होती, गोड मुलगी, आठ महिने थांबली आणि प्रायव्हेट शाळेत गेली, तिला दुप्पट देत होते. तिच्या जागी दुसरी मिळेपर्यंत फाइल मागे पडली. यात दोष कुणाला द्यायचा मला समजत नाही, फाइल बघणारे बाबूही चांगले होते, चहा पाजला त्यांनी आम्हाला.

पण एक मात्र मी बघितलंय. एका शिबिरात गेलो होतो, केंद्राच्या साहित्य वाटायच्या एडिप योजनेचं, तिथे कानपूरहून ट्रक भरून साहित्य येतं, तीनचाकी, व्हीलचेअर, कानाची मशीनं. मंडप, हार, स्टेजवर पुढारी, रांगेत चमकणाऱ्या तीनचाकी. ज्यांना मिळाल्या त्यांचं आयुष्य बदललं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा चपलावाला आता स्वतः मार्केटला जातो. केंद्रातल्या त्या सहा वर्षांच्या मुलीला शिकवण्याच्या साहित्याची पेटी मिळाली, रंगीत, छान. तिची आई म्हणाली, "पेटी तो अच्छी है दीदी, पर इसके साथ बैठेगा कौन." ती सकाळी सात घरी स्वयंपाक करते. पेटीबरोबर पुढाऱ्यांचा फोटो निघतो, पेटीशी रोज दोन तास बसणाऱ्या बाईबरोबर कोण फोटो काढणार, त्यात दाखवायला काहीच नसतं, नुसती बसलेली बाई. म्हणून वस्तूला बजेट मिळतं.

मला नेहमी सांगतात की रोजची सेवा सरकारला शक्य नाही, वस्तू एकदा दिली की झालं, पण माणूस रोज कसा पाठवणार, इतक्या घरांना. हे ऐकताना मला इंदुरात हसू येतं. लाखो घरांच्या दारात रोज सकाळी गाडी येते आमच्याकडे. पावसात येते, दिवाळीला येते. दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आपण म्हटलं असतं, चल भिया, काहीही. तुलना वाईट वाटेल कुणाला, आधी मलाही वाटली, पण ज्या शहराने रोज दारात माणूस पाठवायचं जमवलं त्याच शहरातली मी बोलतेय, त्यात माझा काय दोष. वॉर्डात दोन बायका ट्रेनिंग देऊन ठेवल्या, न्यासाची सहयोगी नावाची ट्रेनिंगची योजना आहेच, आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना महिन्यातून थोडे तास वाटून दिले तर? आईला चार तास मिळाले असते तर गुडघ्याचा एक्स-रे दोन वर्षांपूर्वीच झाला असता.

बाकी नशिबाचा भाग वेगळाच. माझी एक मैत्रीण, तिची बहीण अगदी मुन्नासारखी, पण वडील केंद्र सरकारी नोकरीत होते, त्यामुळे आई-वडील गेल्यावर बहिणीला आयुष्यभर फॅमिली पेन्शन, महागाई भत्त्यासकट. आमचे बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली. दोघांचा टक्का तोच ७५, फरक फक्त वडिलांच्या हजेरीपुस्तकाचा.

पालकत्वाचं पण काम काढलंय सध्या. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई ही कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे आम्हाला तीस वर्षं माहीतच नव्हतं. न्यासाच्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, कलेक्टर, एक संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती, ते पालक नेमतात. मी अर्ज दिलाय. आईच्या सहीच्या वेळी ती म्हणाली, "म्हणजे मी आता कोण?" मी म्हटलं आईच, आणखी कोण. मग बराच वेळ तिने पेन बंदच केलं नाही.

ऑपरेशन आता दिवाळीनंतर ठेवलंय. फ्रिजवर एक कागद लावलाय. सकाळी गाडी गेली की मुन्ना कोपऱ्यावरच्या पोह्याच्या गाडीवर जातो, तिथला भैया म्हणाला साडेनऊपर्यंत मेरे पास छोड़ दो, तसाही तो तिथे पेपरच्या घड्या घालत बसतो आणि जास्तीची शेव खातो, हिशोब रविवारी. ११ ते ३ केंद्र. संध्याकाळी शेजारच्या काकू, त्याच, डायपरवाल्या. रात्री मी. रविवारी नवरा त्याला राजवाड्यापर्यंत फिरवून आणणार. बुधवारी केंद्र बंद असतं, बुधवारची दुपार अजून रिकामी आहे. कागदावर त्या चौकटीत मुन्नाने निळ्या पेनने गाडी काढून ठेवलीये.